कॅरव्हॅनमधलं पांढरं विष

१

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दुसरा चहा अजून कपात वाफाळत असताना, डॉक्टर श्रीनिवास यांना फोनवरून कळवण्यात आलं, की ते खोटारडे आहेत.

कळवणारी बाई सभ्य होती. हेदर तिचं नाव, निवृत्त शिक्षिका. ‘खोटारडे’ हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नाही. “डॉक्टर, तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती,” एवढंच म्हणाली. जगभरच्या शिक्षिका हे एकच वाक्य वापरतात, आणि ते ऐकून सत्तरीला टेकलेला माणूससुद्धा मनातल्या मनात बाकावर उभा राहतो.

प्रकरण कॅरव्हॅनचं होतं. निवृत्तीनंतर अख्खा ऑस्ट्रेलिया पालथा घालायचा म्हणून श्रीनिवास आणि यामिनी यांनी गाडीमागे जोडायचं हे चाकांवरचं घर घेतलं. सफरी झाल्या तीन. कॅरव्हॅन पुढे छान जायची. मागे घेताना मात्र श्रीनिवास स्टिअरिंगवर, यामिनी मागे उभी राहून हातवारे करतेय, आणि सगळं कॅरव्हॅन पार्क खुर्च्या टाकून बघत बसलंय, असा देखावा व्हायचा. तिसऱ्या सफरीनंतर संसार आणि कॅरव्हॅन यांतलं एकच काहीतरी टिकेल हे दोघांनाही दिसलं. म्हणून गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ती ‘सनी ट्रॅक’ नावाच्या डीलरकडे कन्साइनमेंटवर ठेवली. म्हणजे माल तुमचा, जागा त्याची. गिऱ्हाईक तो आणणार, विकली गेली की दलाली तो घेणार, आणि तोवर अधूनमधून फोन करून “मार्केट स्लो आहे, मेट, किंमत थोडी खाली आण” असं तुम्हाला प्रेमाने सांगणार.

कुणी ढुंकूनही बघत नाही म्हटल्यावर श्रीनिवासांनी स्वतःच नेटवर जाहिरात टाकली. ती वाचून हेदरचा फोन आला. “काही लपवण्यासारखं आहे का?” तिने सरळ विचारलं होतं. “काही नाही,” श्रीनिवास म्हणाले होते. “कधी गळली नाही, कधी ठोकली नाही, आत कधी मुंगीसुद्धा दिसली नाही.” भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलेला माणूस. ‘काळजी करू नका, मी आहे’ या त्यांच्या एका वाक्यावर हजारो लोकांनी ऑपरेशन टेबलावर डोळे मिटले होते. हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ सुरी नव्हती, टाके नव्हते, होता तो शब्द.

आणि काल हेदर यार्डात जाऊन कॅरव्हॅन बघून आली होती.

“पलंगाखाली उंदराच्या लेंड्या,” श्रीनिवास फोन ठेवून म्हणाले. “भिंतीतला फोम कुरतडलेला. आणि किचनच्या कपाटात उंदराचं विष. त्याला मुंग्या. तो डीलर ब्रेट तिला म्हणाला, मालकाने उंदीर लपवले, वरून विष घालून ठेवलं.”

“उंदीर?” यामिनी उभीच राहिली. “माझ्या किचनमध्ये? अहो, मी स्वतः घासून-पुसून दिलीय ती! एक कण ठेवला नव्हता!”

“मी खोटारडा, यामिनी. मी!”

“तुमचं राहू द्या हो. माझ्या किचनमध्ये उंदीर म्हणते ती!”

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला चित्राताई बिस्किट चहात बुडवून बसल्या होत्या. या विहीणबाई. श्रीनिवासांनी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत घर घेतलं ते मुलाला चांगल्या शाळेची हद्द मिळावी म्हणून; त्या शाळेत शिकून मुलगा निमिष चार हजार किलोमीटर लांब डार्विनला नोकरीला गेला. चित्राताईंची स्पृहा ही त्याची बायको. लेकीकडे म्हणून पुण्याहून आलेल्या चित्राताई डार्विनच्या पावसाळी उकाड्याला कंटाळून आठवड्यासाठी मेलबर्नला आल्या होत्या आणि महिना झाला तरी आठवड्यासाठीच आल्या होत्या. पुण्यात त्या वाहनविम्याचे दावे तपासत. लोकांनी शपथेवर सांगितलेल्या अपघातांवर विश्वास न ठेवण्याबद्दल त्यांना पगार मिळत असे, पेन्शन अजून मिळते.

“श्रीनिवासराव,” बिस्किट वेळेवर वाचवत त्या म्हणाल्या, “ते विष कशात होतं म्हणाल्या त्या बाई?”

“कपाटात. एका स्टीलच्या डब्यात.”

“तो माझा डबा असणार,” यामिनी म्हणाली. “लहान कडीचा. राहिला तिथेच. पण रिकामा होता, चित्राताई. धुऊन, कोरडा करून ठेवलेला.”

“झाकण होतं का लावलेलं?”

“हो म्हणाली,” श्रीनिवास म्हणाले. “ब्रेटने तिच्यासमोर उघडला.”

चित्राताईंनी कप खाली ठेवला. “मग मला तो डबा बघायचाय. उंदीर मारायचे असले तर माणूस विषाला झाकण लावत नाही.”

२

सनी ट्रॅकचं यार्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, टार्निटच्याही पुढे. जाताना सबंध फ्रीवेभर श्रीनिवास ग्राहक मंचाला लिहायचं पत्र तोंडी रचत होते. वेस्ट गेट पुलावर ‘निर्लज्ज’ला इंग्रजीत पुरेसा जोरकस शब्द नाही याचा त्यांना संताप आला, आणि पूल उतरेपर्यंत तो इंग्रजी भाषेवर निघाला. चित्राताई खिडकीबाहेर बघत होत्या. यामिनी घरीच थांबली होती. ब्रेट समोर दिसला तर आपण काय करू याची तिला खात्री नव्हती.

ब्रेट हा रुंद, उन्हाने भाजलेला, सदा हसरा माणूस. फाटकातच त्याने हात पसरले.

“डॉक्! वाईट झालं रे. पण होतं असं. लोक विसरतात सांगायला.”

“मी काहीही विसरलेलो नाही!”

“नो वरीज, मेट, नो वरीज.” या देशात काळजी करण्याजोगं काही घडलं, की आधी हे शब्द येतात. “किंमत अजून खाली आणू, आहे त्या स्थितीत म्हणून विकू. मीच एखादं गिऱ्हाईक बघतो.”

“आधी आम्हाला पुरावा दाखवा,” चित्राताई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी पुण्याच्या ऑफिसातलं, इस्त्री केलेलं होतं. “आणि एक सांगा. नोव्हेंबरपासून ही कॅरव्हॅन कुणी बाहेर नेली होती?”

“कुणी नाही. आली तिथेच उभी आहे.”

“चाचणीला? धुवायला?”

“लेडी, एक इंचही हललेली नाही. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते.”

“नक्की?”

“माझ्या आईची शपथ.”

चित्राताईंनी मान डोलावली. ज्याला कुणी शपथ घ्यायला सांगितली नव्हती, त्याने शपथ घेतली की पूर्वी त्या फाईलवर लाल पेन्सिलीने एक बारीक टिंब काढत. आता पेन्सिल नव्हती. त्यांनी नुसतं श्रीनिवासांकडे पाहिलं.

ब्रेटने ऑफिसातून एक प्लास्टिकची पिशवी आणून टेबलावर टाकली. आत सगळं एकत्र होतं. काळपट सुरकुतलेल्या दोन-तीन गोळ्या. ह्या पलंगाखालच्या लेंड्या. पांढरे, हलके, लांबट तुकडे. हा खिडकीच्या खाचेत आणि गादीमागे सापडलेला भिंतीतला फोम. आणि मूठभर पांढरे, खरखरीत दाणे. हे विष, बरंचसं डब्यातलं, थोडं गादीवरचं. दोन मेलेल्या मुंग्या विषाच्या परिणामाबद्दल साक्ष द्यायला सोबत होत्या. तो डबाही शेजारी ठेवला होता.

श्रीनिवासांचा चष्मा गाडीत राहिला होता. पिशवी डोळ्यांसमोर धरूनही त्यांना फक्त आपली बेअब्रू दिसत होती. खरंच उंदीर असतील तर? आपण सुटीत कधी गादी उचलून पाहिली होती का? एका शिक्षिकेला आपण छातीठोकपणे काहीतरी खोटंच सांगून बसलो नाही ना? संतापाच्या तळाशी पहिल्यांदाच एक गार थेंब पडला.

“विहीणबाई, हात नका लावू हां,” ते मराठीत म्हणाले. “कॉन्सन्ट्रेटेड असतं हे. रक्त गोठायचं थांबतं.”

चित्राताईंनी पिशवी उघडली होती. एक पांढरा दाणा चिमटीत धरून त्यांनी तो उजेडाकडे नेला. मग दुसरा. त्या दुसऱ्याला केसाएवढा बारीक, चंदेरी धागा चिकटला होता. त्या धाग्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक असं हसू आलं की ब्रेट मागे सरकला.

“श्रीनिवासराव,” त्या म्हणाल्या, “तुम्ही डॉक्टर आहात, जवळच आहात, हे बरंय.”

आणि विहीणबाईंनी ते विष तोंडात टाकलं.

३

“थुंका! आधी थुंका!” श्रीनिवास ओरडले. ब्रेट “जीझस” म्हणून पाण्याची बाटली शोधायला धावला.

चित्राताईंनी कडकन दाणा फोडला, चघळला, आणि गिळला. “आत तीळ आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पाक जरा कच्चा राहिलाय, पण चांगला आहे. गाडीत चला, सांगते. याच्यासमोर एक अक्षर बोलू नका.”

गाडीत बसल्यावर त्यांनी डब्याबरोबर पर्समध्ये उचलून आणलेली पिशवी श्रीनिवासांच्या हातात दिली आणि चष्माही दिला.

श्रीनिवासांनी पाहिलं. दाण्याच्या अंगावर बारीक बारीक काटे होते.

“हलवा,” ते पुटपुटले. “संक्रांतीचा.”

“काटेरी हलवा. आणि हा फोम म्हणजे चुरमुरे. आणि लेंड्या म्हणजे,” चित्राताईंनी एक काळी गोळी दाबून दाखवली, “द्राक्षं. वाळलेली. पलंगाखाली राहिली, मनुका झाल्या.”

श्रीनिवासांच्या छातीतला गार थेंब क्षणात उकळून उडाला. उंदीर नव्हते. कधीच नव्हते. एका माणसाची अब्रू चुरमुऱ्यांनी घेतली होती.

“त्या गाढवाला आत्ता जाऊन...”

“काय सांगाल? तो म्हणेल, इंडियन मालक, इंडियन खाऊ, तुम्हीच सांडला असेल. हेदरबाईंनाही ते पटेल. उंदरांऐवजी गचाळपणा, एवढाच फरक. बसा. आधी विचार करू.” त्यांनी धाग्याचा दाणा वर धरला. “हा चंदेरी धागा बघा. हलवा असा ओवतात कशासाठी?”

“दागिन्यांसाठी. हार, मुकुट...”

“हलव्याचे दागिने कोण घालतं? नवी सून, तिच्या पहिल्या संक्रांतीला. नाहीतर तान्हं बाळ, बोरनहाणाला. आता सुनेच्या डोक्यावर कुणी चुरमुरे ओतत नाही. बाळाच्या ओततात. बोरं, चुरमुरे, हलवा, सगळं मापाने डोक्यावरून, आणि पोरं ते लुटतात. इथे बोरं मिळाली नसतील, म्हणून द्राक्षं घेतली. बाळाने मुकुट ओढला, धागा तुटला, दाणे गादीवर गेले. श्रीनिवासराव, तुमच्या कॅरव्हॅनमध्ये बोरनहाण झालंय.”

“कुणाचं?”

“ते मला विचारू नका. पण कधी, ते सांगते. संक्रांत ते रथसप्तमी. म्हणजे या जानेवारीत. कारण तुमच्याकडे बाळ नाही, माझी स्पृहा नवी सून होती तेव्हा ही कॅरव्हॅन नव्हती, आणि हलवा पांढराशुभ्र, कडक आहे. मागच्या वर्षीचा असता तर पिवळा पडून चिकटला असता. जानेवारीत कॅरव्हॅन कुठे होती?”

“इथे. यार्डात. एक इंचही न हलता.” श्रीनिवासांचे डोळे बारीक झाले. “आईच्या शपथेवर.”

“एक मात्र मला कळत नाही,” चित्राताई डबा हातात फिरवत म्हणाल्या. “गादीमागचं राहून गेलं, समजलं. पण डबा आतून घासलेला, पुसलेला आहे, आणि मग त्यात मूठभर हलवा ठेवलाय. विसरायला जास्त आणि खायला कमी. का?”

श्रीनिवास ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यात एकेक दिवा लागत होता. दाराची दुसरी किल्ली होती एकाच माणसाकडे. त्यानेच एकदा कॅरव्हॅन उसनी नेली होती. त्यानेच हा ब्रेट सुचवला होता. आणि त्याला ऑगस्टमध्ये नातू झाला होता.

“हृषिकेश,” ते म्हणाले आणि गाडी अशी सुरू केली की विहीणबाईंनी वरचं हँडल पकडलं.

४

हृषिकेश हा श्रीनिवासांचा तीस वर्षांचा मित्र, ग्लेन वेव्हर्लीतच दोन गल्ल्या पलीकडे राहणारा इंजिनिअर. दार उघडून “अरे ये, ये, चित्राताईपण!” म्हणेपर्यंत त्याच्या नाकासमोर प्लास्टिकची पिशवी लटकत होती.

“हे काय आहे?”

“हलवा,” हृषिकेश म्हणाला. “का रे?”

“कॅरव्हॅनची किल्ली कुठाय?”

“फ्रिजवर. मॅग्नेटला. तू ठेवायला दिलीस तेव्हापासून. श्री, तुला बरं वाटत नाहीये का?”

“जानेवारीत मला विचारलं होतंस, कॅरव्हॅन विकली गेली का. मी म्हटलं, अजून डीलरकडेच आहे. तेव्हा गप्प बसलास! आणि तुझ्या नातवाचं बोरनहाण माझ्या कॅरव्हॅनमध्ये केलंस! तुझ्यामुळे मी खोटारडा ठरलो, हृषी! एका शिक्षिकेपुढे!”

हृषिकेशने पिशवी बाजूला केली. मग अगदी हळू म्हणाला, “माझ्या नातवाचं बोरनहाण इथे, या हॉलमध्ये झालं. त्या कोपऱ्यात पाट होता.”

“साक्षीदार कोण?”

“तू.”

“मी?”

“तू, यामिनी आणि अजून पन्नास लोक. तू या सोफ्यावर बसला होतास. तीनदा गुळाची पोळी घेतलीस. आणि जाताना,” हृषिकेश पुढे म्हणाला, “विहानला हॅपी बर्थडेचं कार्ड दिलंस. पाच महिन्यांच्या पोराला. आम्ही काही बोललो नाही.”

श्रीनिवासांना ती गुळाची पोळी आठवली. तूपही आठवलं. पाटावर एक बाळ होतं, हेही अंधुकसं आठवलं.

“मला वाटलं, वाढदिवसच आहे,” ते म्हणाले.

“तीस वर्षं, श्री. आणि माझ्याकडे किल्ली आहे म्हणून मी चोर?”

चित्राताईंनी मध्ये पडून विचारलं, “विहानचे दागिने सुंदर असतील. इथेच केले का हो?”

“टार्निटच्या मंजिरीकडून,” हृषिकेश नाइलाजाने म्हणाला. “इथे ती एकटीच करते. सगळे तिच्याकडूनच घेतात. चंदेरी धाग्यात ओवते.”

चित्राताईंनी फोन काढला. मंजिरीने पहिल्या रिंगलाच उचलला. ज्या बाईने मेलबर्नमधल्या प्रत्येक मराठी बाळाचं डोकं मापलंय तिला बोलायला विषय कमी नव्हते. चित्राताईंनी एकच प्रश्न विचारला: या वर्षी कुणी असं होतं का, ज्यांनी दागिने घेतले पण बोरनहाण घरी केलं नाही?

“आहेत ना, ओजस आणि तनया!” मंजिरीचा आवाज हॉलभर ऐकू येत होता. “आमच्या पलीकडच्याच इस्टेटमध्ये. मी केवढं सांगितलं, मंडळाच्या बोरनहाणाला या. तर म्हणे, नाही ताई, आम्ही सुट्टीत फिरायला चाललोय, तिकडेच करू. आता तुम्हीच सांगा, बोरनहाण कुणी कॅरव्हॅनमध्ये करतं का?”

५

तनयाच्या हॉलमध्ये वेद नावाचं दहा महिन्यांचं बाळ रांगत होतं. त्याने प्रथम श्रीनिवासांची चप्पल आणि मग चित्राताईंची पर्स तपासली. तनया पुण्याचीच, आयटीतली, मॅटर्निटी लीव्हवर. ओजस कामावर गेला होता.

श्रीनिवास दार उघडताच दरडावायच्या तयारीने आले होते. पण नुकताच एक मित्र गमावल्यासारखं वाटत असल्यामुळे त्यांचा संताप दाराबाहेरच चपला काढून थांबला. चित्राताईंनी डबा पुढे केला.

“अय्या!” तनया म्हणाली. “हा तर कॅरव्हॅनमधला डबा! तुमचा आहे?”

“आमचा. कॅरव्हॅनही आमची.”

“तुमची? पण काका, आम्ही तर सनी ट्रॅककडून भाड्याने घेतली. ब्रेट म्हणाला, ही आमची रेंटलची गाडी. आम्ही मिल्ड्युराला गेलो होतो, नदीकाठी. ओजसला इतकी आवडली! परत देताना त्याने विचारलं पण, ही विकायची आहे का? तर ब्रेट म्हणाला, नाही मेट, ही विकत नाही, ही सुट्ट्यांना बुक असते.”

श्रीनिवास खुर्चीत बसले. त्याच जानेवारीत, त्याच तोंडाने, ब्रेटने त्यांना फोन केला होता: कुणी विचारतही नाही रे, किंमत खाली आण.

“काही खराब झालं का आमच्याकडून?” तनयाचा चेहरा उतरला. “मी सगळं स्वच्छ केलं होतं. गादीमागे राहिलं असेल थोडं. वेदने मुकुट असा काही ओढला...”

“गादीमागचं सोड गं,” चित्राताई म्हणाल्या. “मला एवढंच सांग, डब्यात हलवा का ठेवलास?”

तनया जरा लाजली. “कपाट उघडलं तर स्टीलचा कडीचा डबा. म्हटलं, म्हणजे आपल्याच कुणीतरी आपल्या आधी ही घेतली असणार आणि विसरले असणार. मी तो वापरला, वेदचा खाऊ ठेवायला. मग धुऊन परत ठेवताना वाटलं, कुणाचा का असेना, डबा रिकामा कसा परत करायचा? संक्रांतही होती. म्हणून मूठभर ठेवला. त्यांना मिळाला तर मिळाला.” तिने श्रीनिवासांकडे पाहिलं. “मिळाला तुम्हाला?”

श्रीनिवासांनी डबा जवळ ओढला.

“मिळाला,” ते म्हणाले. “खूपच गाजला.”

तनयाने फोनवर फोटो दाखवला. यामिनीने स्वतः भरतकाम केलेल्या उशीला टेकून वेद बसला होता. डोक्यावर तिरपा हलव्याचा मुकुट, कानावर चुरमुरा, तोंडात द्राक्ष. मागच्या खिडकीतून नदी दिसत होती.

“एक इंचही हललेली नाही,” चित्राताई फोटोकडे बघत म्हणाल्या. “चला श्रीनिवासराव. आता बोला, काय बोलायचंय ते.”

६

दोन दिवसांनी पुन्हा यार्ड. या खेपेला यामिनीही आली.

ब्रेटच्या टेबलावर चित्राताईंनी तीन लहान ढिगारे मांडले. “हे उंदराचं विष,” त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. “हा फोम.” तोही टाकला. “घ्या ना तुम्हीही.”

ब्रेटने खुर्ची मागे घेतली.

“ह्या मिठाईचे दागिने करतात,” त्या म्हणाल्या, “आमच्या बाळांसाठी. फक्त जानेवारीत. कॅरव्हॅन तुमच्याकडे नोव्हेंबरपासून. ती हलली नाही असं तुम्ही आईच्या शपथेवर सांगितलंत. मग जानेवारीत हे बाळ इथे, तुमच्या यार्डात, रांगत आलं का?” आणि त्यांनी फोटो पुढे सरकवला. “खिडकीत नदी आहे. तुमच्या यार्डातून मला फक्त टायरचं दुकान दिसतंय.”

ब्रेटने फोटो परत सरकवला. “ती... टेस्ट ड्राइव्ह होती.”

“आठवडाभर? भाड्याची पावती त्या मुलीकडे आहे.”

“बघ मेट, उभी राहून खराब होते, जरा फिरवलेली बरी असते...”

इथे यामिनीने पर्स टेबलावर ठेवली. नुसती ठेवली. पण ब्रेट थांबला.

“तुमचं गणित मला कळलं,” चित्राताई पुढे म्हणाल्या. “विकली तर दलाली एकदाच. न विकली तर दर सुटीत भाडं. म्हणून घेणाऱ्याला सांगायचं, विकत नाही. आणि मालकाला सांगायचं, कुणी घेत नाही. हेदरबाई मध्येच थेट मालकाला फोन करून आल्या, ही तुमची अडचण. तेवढ्यात तुम्हाला हे सापडलं. उंदीर आहेत असं तुम्हाला खरंच वाटलं असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते कुणाच्या काळात आले असतील, हे जगात फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही बोट यांच्याकडे दाखवलंत.”

“डॉक्,” ब्रेट घसा साफ करत म्हणाला, “जागाभाडं माफ. दलालीही नको. भाड्याचे आलेले देऊन टाकतो. नो वरीज?”

संक्रांतीला गोड बोलायची पद्धत आहे. पण संक्रांत होऊन महिना उलटला होता, त्यामुळे श्रीनिवास मोकळे होते.

“वरीज आहेत!” ते उभे राहून म्हणाले. “भरपूर आहेत! तुझं भाडं मला नकोय, ते कुठे द्यायचं ते ग्राहक मंच सांगेल. माझं घर तू परस्पर फिरवलंस, माझ्या बायकोच्या उशीवर परकी माणसं झोपवलीस, हे एकवेळ सोडतो. माणसं चांगली निघाली. पण ज्या बाईला मी शब्द दिला तिच्यासमोर तू मला खोटं पाडलंस. लोक माझ्या शब्दावर डोळे मिटायचे, कळतंय? त्या दिवशी माझा मलाच संशय आला. फोन उचल. हेदरला लाव. स्पीकरवर.”

ब्रेटने पळवाट शोधावी तसं चोरून दाराकडे बघितलं. दारात आता यामिनी उभी होती.

त्याने फोन लावला. आधी हवापाण्याबद्दल बोलला. यामिनीने घसा खाकरला. मग तो म्हणाला, की कॅरव्हॅन त्याने मालकाला न सांगता भाड्याने दिली होती, आत सापडलं ते खाऊचं होतं, उंदीर नव्हते, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं अक्षर अन् अक्षर खरं होतं.

स्पीकरवर पलीकडे कप ठेवल्याचं ऐकू आलं.

“ब्रेट,” हेदरचा आवाज आला, “मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” आणि श्रीनिवासांनी समोरचा रुंद माणूस बाकावर उभा राहताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग आवाज मवाळ झाला. “डॉक्टर, तुम्ही आहात का तिथे? मी तुमच्याऐवजी त्याच्यावर विश्वास ठेवला. मला माफ करा.”

हेदरने मात्र मधल्या काळात दुसरी कॅरव्हॅन घेऊन टाकली होती. त्याचं श्रीनिवासांना काहीच वाटलं नाही. त्या संध्याकाळी ते एकटेच चालत हृषिकेशकडे गेले. बरोबर कार्ड होतं. दुकानात बोरनहाणाचं कार्ड मिळत नाही, म्हणून ‘सॉरी’चं घेऊन त्यावर विहानचं नाव घातलं होतं. हृषिकेशने ते दारातच वाचलं, आणि मग आत ओरडून सांगितलं, की श्री आलाय, गुळाची पोळी नाहीये म्हणावं, चहा चालेल का विचार.

कॅरव्हॅन यार्डातून घरी आली, आणि शेवटी ओजस आणि तनयाने घेतली. न्यायला आले त्या रविवारी ओजसने ती पहिल्या झटक्यात ड्राइव्हवेतून सरळ मागे घेतली. श्रीनिवास आणि यामिनी एकमेकांकडे न बघता उभे राहिले. तनयाने आत जाऊन कपाट उघडलं. कडीचा डबा जागेवर होता. उचलला तर जड लागला. या खेपेला यामिनीने तो गच्च भरला होता, आणि झाकण घट्ट लावलं होतं.

“काका, एकदा विचारतो हं,” ओजस किल्ली घेताना म्हणाला. “आम्हाला माहीत असायला हवा असा काही प्रॉब्लेम?”

श्रीनिवासांनी विचार केला. घाई करून चालणार नव्हतं; शब्दाचा प्रश्न होता.

“एक आहे,” ते म्हणाले. “डाव्या गादीमागे अजून थोडे चुरमुरे निघतील. पण ते तुमचेच आहेत.”